हनोव्हरला उतरायचं नाही

देवासमध्ये कोणाला लांबच्या गावी जायचं असलं, की तो आधी नीलकंठराव पोतनिसांकडे यायचा आणि मग स्टेशनावर जायचा. रिझर्वेशनच्या खिडकीमागे चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीला नऊ वर्षं होऊन गेली, लोक मोबाईलवर तिकिटं काढू लागले, तरी यांचं सल्ला देणं काही थांबलं नव्हतं. विचारणारे कमी झाले तसे ते न विचारता सांगू लागले. अमुक गाडी नागद्याला उगाच उभी करतात, तमुक गाडीत पाण्याची बोंब असते, वरचा बर्थ घेऊ नका, गुडघे धरतील. सांगायचे मात्र बिनचूक. निदान आपल्याकडच्या गाड्यांचं तरी.

त्यांची बायको वासंती माहेरची धारची. धारला रेल्वे येणार, येणार, असं ऐकत तिचं बालपण गेलं, बी.एड. झालं, लग्न झालं, प्राथमिक शाळेतली नोकरी होऊन ती निवृत्तसुद्धा झाली, पण माहेरच्या फलाटावर पाऊल ठेवण्याचा योग काही आला नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती देवासला आली तीसुद्धा बसने. पहिल्यांदा गाडीत बसवलं ते नीलकंठरावांनीच. तेव्हापासून "धारवाल्यांना गाडीतलं काय कळतंय" हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज वापरात होतं. वासंती हसायची. गाडीत त्यांनी सांगितलेल्या जागी बसायची, सांगितल्यावर उठायची आणि ते उतर म्हणाले की उतरायची. यात आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही आणि त्यांना तर नाहीच नाही.

श्रिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. जर्मनीत, ब्रेमेनला नोकरी करायची. नवरा मनन इंदूरचा, घरी हिंदी बोलणारा, स्वभावाने गरीब गाय. सप्टेंबरमध्ये श्रियाच्या डोक्यात गाठ निघाली. डाव्या बाजूला, माणसाचे शब्द जिथून येतात त्या जागेला अगदी खेटून. गाठ काढायलाच हवी होती. पण काढताना शब्दांना धक्का लागला, तर ती बोलणं गमावून बसेल, थोडं किंवा सगळं, काही दिवस किंवा कायमचं. डॉक्टर खात्री देत नव्हते.

तिकडची पद्धत अशी, की अशा ऑपरेशनच्या मध्यावर पेशंटला जागं करतात. दुखत नाही म्हणे. समोर चित्रं धरतात आणि नाव विचारतात. शब्द अडला की डॉक्टरांचा हात थांबतो, ती जागा सोडून देतात. पण हे ज्या भाषेत विचाराल त्याच भाषेचं. जी भाषा विचारलीच नाही तिची जागा राखणार कोण? स्पीच थेरपिस्ट बाईंनी श्रियाला विचारलं, की तुझी पहिली भाषा कोणती? श्रिया म्हणाली, आकडे हिंदीत मोजते, ऑफिसात इंग्रजी आणि जर्मन, पण स्वप्नं मराठीत पडतात आणि राग आला की मराठीत येतो. बाई म्हणाल्या, मग मराठी वाचवायला हवी. आदल्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता मी चित्रं निवडीन. मराठी जाणणारं माणूस समोर बसलेलं हवं, उत्तर बरोबर की चूक ते सांगायला. साडेचारला मी निघते. ते झालं नाही तर दुसऱ्या दिवशी जर्मन आणि इंग्रजी एवढंच विचारलं जाईल.

मननला मराठीतलं "जेवलीस का" च्या पुढचं काही येत नव्हतं. नीलकंठरावांकडे व्हिसा नव्हता. वासंतीकडे होता. मागच्या वर्षी श्रिया स्वतः येऊन तिला महिनाभर घेऊन गेली होती, तेव्हाचा, अजून चालणारा. म्हणजे जायचं ते वासंतीने, एकटीने.

"आई येईल ना, बाबा?" श्रियाने व्हिडिओवर विचारलं. तिचा आवाज तोवर जरा संथ झाला होता. मधेच एखाद्या शब्दासाठी थांबायची आणि दुसराच शब्द उचलून पुढे जायची. "मला जर्मन राहिली नाही तरी चालेल. मला आईशी आणि तुमच्याशी बोलता यायला पाहिजे."

"येईल म्हणजे? येतेच आहे," नीलकंठराव म्हणाले, आणि लगेच वही उघडून बसले. रडू येण्याआधी कामाला लागायचं ही त्यांची जुनी खोड.

मुंबईहून म्युनिकपर्यंत विमान, हे ठरलंच होतं. पुढे म्युनिकहून ब्रेमेन. श्रियाने दुसऱ्या लहान विमानाचं तिकीट पाहून ठेवलं होतं. सकाळी सहाला म्युनिकला उतरायचं, तिथेच पुढचं विमान धरायचं, तासाभराचा प्रवास, दहाच्या आत ब्रेमेन. मनन घ्यायला येईल. साडेतीनच्या कामाला सकाळी दहाला हजर. याच्याहून सोपं काय असतं?

पण नीलकंठरावांना ते सोपं वाटेना. "एका विमानतळावरून पुन्हा दुसरं विमान? ती हरवेल तिथे. पुन्हा तपासणी, पुन्हा पट्टा, पुन्हा चपला काढा. मागच्या वेळेचं आठवतंय ना?"

आठवत सगळ्यांनाच होतं. वासंतीच्या हातातल्या पाटल्या तिच्या आईच्या. हात जाड झाल्यापासून त्या निघत नाहीत. मागच्या वर्षी तपासणीत यंत्र वाजलं, दोन बायकांनी तिला पडद्याआड नेलं, आणि बाहेर आली तेव्हा ती लहान मुलीसारखी रडत होती. श्रिया सोबत होती म्हणून निभावलं. नीलकंठरावांच्या मनाला ते फार लागलं होतं. आपली बायको परक्या मुलखात पडद्याआड रडली आणि आपण इकडे देवासला चहा पीत होतो, हे त्यांना विसरता येत नव्हतं. गाडीचा हट्ट नुसता मिजाशीतून आलेला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"गाडी बघ," ते म्हणाले. "म्युनिकला नऊ वीसला बसायचं, ब्रेमेनला पावणेतीनला उतरायचं. बदलायची नाही, काही नाही. विमान माणसाला माळावर नेऊन सोडतं, गाडी गावाच्या मध्यात सोडते. तपासणी नाही, पाटल्या नाहीत. खिडकीशी बसेल, डबा उघडून दशमी खाईल आणि शेवटच्या स्टेशनला उतरेल. शेवटचं स्टेशन चुकतं का कोणाचं?"

"बाबा, पावणेतीन म्हणजे फार जवळ होतं..."

"जर्मन गाड्या आहेत त्या. आपल्यासारख्या थोड्याच आहेत."

 पूर्वीची श्रिया असती तर तासभर भांडली असती. "तुम्हाला ठीक वाटेल ते करा, बाबा," ती म्हणाली. नीलकंठरावांना आपण जिंकलो असं वाटलं. ती थकली होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेजारचे प्रतापराव रोज चारला चहाला यायचे. यांच्या आजोबांना देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या दरबारात खुर्ची होती, आणि हे अजून त्याच खुर्चीत बसल्यासारखे बसायचे. ते म्हणाले, "भिया, मी सांगू? वहिनींना विमानानेच जाऊ द्या. त्या विमानात बसवतात पण तेच आणि उतरवतात पण तेच. माणूस पार्सल होऊन जातो. फालतू टेन्शन नाही."

"तुम्हाला गाडीतलं काय कळतंय," नीलकंठराव म्हणाले. मग वासंतीकडे वळून त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुला काय वाटतं?"

वासंती मेथीची जुडी निवडत होती. "तुम्ही ठरवाल ते," ती म्हणाली.

तिकीट काढलं. डबा नंबर बत्तीस, खिडकीची जागा. तिकिटाच्या तळाशी जर्मनमध्ये बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. तिकिटावरच्या बारीक ओळी वाचत नाहीत म्हणून ज्याने चौतीस वर्षं लोकांना झापलं, त्या माणसाने त्या ओळी कोणाकडून वाचून घेतल्या नाहीत. वहीच्या पानावर मात्र त्यांनी झकास वेळापत्रक मांडलं. म्युनिक, न्यूरेंबर्ग, वुर्झबुर्ग, फुल्डा, कासेल, ग्योटिंगेन, हनोव्हर, ब्रेमेन. पुढे जर्मन वेळ, त्यापुढे देवासची वेळ. एक प्रत वासंतीच्या पर्समध्ये.

ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी नीलकंठराव सकाळपासून फोन चार्जरला लावून बसले होते. म्युनिकला विमान वेळेवर उतरलं. पण पासपोर्टच्या रांगेत दीड तास गेला आणि मननने ठरवलेली टॅक्सी रस्त्यात अडकली. वासंती स्टेशनात शिरली तेव्हा गाडी सुटायला पाच मिनिटं होती.

"अहो, फलाट सापडला. गाडी उभी आहे," तिचा दम लागलेला आवाज आला. "पण ही तर केवढी लांब आहे हो! इथे बावीस नंबर दिसतो आहे. बत्तीस पार पुढे असेल."

"किती वेळ आहे?"

"सगळे चढून राहिले. शिट्टी पण वाजली."

"मग चढ! दिसेल त्या डब्यात चढ. आतून चालत पुढे जायचं. गाडी सुटली की सावकाश जा."

हा त्यांचा ठेवणीतला सल्ला. हजारो लोकांना दिलेला, हजारो लोकांच्या गाड्या त्याने वाचलेल्या. वासंती चढली. दार मिटल्याचा आवाज त्यांना फोनवर ऐकू आला आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

वीस मिनिटांनी तिचा पुन्हा फोन. "मी पुढे गेले होते, पण पुढे जाताच येत नाही. तीन डब्यांनंतर काचेचं दार आहे, बंद. पलीकडे ड्रायव्हरची केबिन."

"ड्रायव्हरची केबिन मध्येच कशी असेल? तुला कळलं नसेल. स्टाफची खोली असेल ती. बस तिथेच रिकाम्या जागेवर. टीसीला मोबाईलवरचं तिकीट दाखव, काही म्हणणार नाही. गाडी तर तीच आहे ना?"

"हो, बाहेर ब्रेमेन लिहिलेलं होतं. दोन नावं होती, त्यातलं एक ब्रेमेन."

"झालं तर मग."

आता हे वाचणाऱ्याच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. त्या दोन गाड्या होत्या. नाकाला शेपूट जोडून एकामागे एक धावणाऱ्या, आतून रस्ता नसलेल्या. हनोव्हरला त्या सुटून वेगळ्या होणार होत्या. पुढची ब्रेमेनला, मागची हाम्बुर्गला. आपल्याकडे काय डबे कापून दुसऱ्या गाडीला जोडत नाहीत? जोडतात. खिडकीत बसून याच नीलकंठरावांनी "तुमचा डबा मागचा आहे हं, तो अमुक ठिकाणी कापतील" असं कितीदा तरी बजावलेलं. पण परदेशातली गाडी म्हणजे काहीतरी अखंड, निर्दोष वस्तू असणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

देवासला दुपारचे साडेचार वाजले, तिकडे एक. चहा घेऊन प्रतापराव बसले होते. वासंतीने फोन केला तो जरा दबक्या आवाजात.

"अहो, टीसी आला होता. तिकीट बघितलं, मग तो हनोव्हर, हनोव्हर असं काहीतरी बोलला. आणि दोन्ही हात जोडून दाखवले, मग असे वेगळे केले."

"जोडले? अगं, नमस्कार केला असेल. साडी बघून करतात ते लोक."

"नमस्कार करून हात वेगळे कशाला करेल? मला वाटतं, उतरा असं म्हणत होता."

"हनोव्हरला उतरायचं नाही," नीलकंठराव एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "ते मधलं स्टेशन आहे. वहीत बघ. तुझं शेवटचं. मधल्या स्टेशनला उतरलीस तर तिथेच अडकशील. कोणी कितीही सांगू दे, उतरायचं नाही. कळलं?"

"हो," वासंती म्हणाली.

पाचला तीन मिनिटं कमी असताना पुन्हा फोन. मागे गाडीतल्या लोकांची उठाउठ ऐकू येत होती. "अहो, शेजारची मुलगी माझी बॅग खाली काढून राहिली आहे. मला हाताला धरून उठवते आहे."

"बॅग सोडू नकोस! घट्ट धर. तिला नो म्हण. नो, नो. माय हजबंड सेड नो."

आणि त्यांनी ते स्वतः ऐकलं. वासंती त्या अनोळखी मुलीला शाळेतल्या बाईच्या ठाम आवाजात सांगत होती, "नो. माय हजबंड सेड."  मग गाडी हलल्याचा मऊ आवाज.

"गेली ती मुलगी," वासंती म्हणाली. "मान हलवत गेली."

"शाब्बास," नीलकंठराव म्हणाले.

वासंतीच्या फोनची जागा दाखवणारा निळा ठिपका नीलकंठरावांच्या मोबाईलमधल्या नकाशावर सरकत होता. हनोव्हरनंतर तो डावीकडे वळायला हवा होता. प्रतापरावांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनवर वाकून पाहिलं. "भिया, ब्रेमेन इकडे आहे ना? मग हा ठिपका सरळ वर कुठे निघून राहिला आहे?"

"वळेल पुढे."

दोघे बघत बसले. ठिपका वळला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक गाव गेलं, दुसरं गेलं, तो आपला सरळ उत्तरेला. नीलकंठरावांनी बोटांनी नकाशा मोठा केला, लहान केला, फोन बंद करून चालू केला.  मग काय झालं ते त्यांना एकदम कळलं. ते जोडलेले हात, वेगळे केलेले हात, मधली ड्रायव्हरची केबिन, पाटीवरची दोन नावं. रेल्वेतल्या माणसाला एवढं पुरतं.  

मननला फोन लावला. मननने गाड्या शोधून पाहिल्या. "पापाजी, वो हाम्बुर्ग पहुँचेंगी तीन बजे. वहाँ से अगली ट्रेन... यहाँ आते-आते पाँच बज जाएँगे." कोणाला दोष नाही, आवाज चढवणं नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर नीलकंठरावांना बरं वाटलं असतं.

"तिथून टॅक्सी? विमान?" त्यांनी विचारलं. विमान हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा प्रतापरावांनी नजर दुसरीकडे वळवली.

"नहीं होगा, पापाजी. साढ़े चार तक किसी तरह नहीं होगा."

मग वासंतीला सांगावं लागलं. हे काम त्यांच्याऐवजी करणारं कोणी नव्हतं. त्यांनी सांगितलं. गाडी चुकली, तुझी नाही, माझी चूक, हाम्बुर्गला उतर, मनन पुढची गाडी सांगेल. 

"साडेतीनला पोचणार नाही मी?" वासंतीने विचारलं.

"नाही."

"मला विमानानेच जायचं होतं हो," ती म्हणाली. रागावून नाही, नुसतं सांगावं तसं. "पाटल्या मी जायच्या आधी सोनाराकडून कापून घेतल्या होत्या. पर्समध्ये आहेत. म्हटलं, विमान ठरलंच तर अडायला नको. पण तुम्ही एवढी वही केलीत."

 इतके दिवस तिचे हात उघडे होते, घरात समोर वावरत होते, आणि नीलकंठरावांनी पाहिलेसुद्धा नव्हते. प्रवासाच्या गडबडीत कोण कोणाचे हात बघतं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. ते त्यांना पटलं नाही.

देवासच्या साडेसहाला, म्हणजे तिकडच्या तीनला, ठिपका हाम्बुर्गला थांबला. सातला मननचा व्हिडिओ कॉल आला. थेरपिस्ट बाई तयार झाल्या होत्या. फोनवर अर्धा शब्द गिळला जातो, म्हणून त्या फोनला नको म्हणत होत्या, पण श्रियाने हट्ट धरला. वडील बसतील. आजची चित्रं वडील निवडून देतील, उद्या आत आई बसेल. बाईंनी नियम सांगितले, मननने ते हिंदीत सांगितले. चाळीस चित्रं. प्रत्येकाला पाच सेकंद. नाव बरोबर आलं तर वडिलांनी बरोबर म्हणायचं, नाही तर नाही म्हणायचं. न आलेलं चित्र बाद. वडिलांनी शब्द सुचवायचा नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. आणि खोटं बोलायचं नाही, कारण आज न आलेला शब्द उद्याच्या ढिगात राहिला, तर उद्या तो अडल्यावर डॉक्टरांना वाटेल आपला हात चुकला, आणि ते नको तिथे थांबतील.

"समझ गए, पापाजी?"

"समजलं."

नेमका तेव्हाच वासंतीचा फोन वाजू लागला. स्क्रीनवर श्रियाच्या चेहऱ्यावर वासंतीचं नाव येऊन बसलं. हाम्बुर्गच्या त्या अवाढव्य स्टेशनात ती एकटी उभी होती, कुठल्या फलाटावर जाऊ म्हणून विचारत असणार.  नीलकंठरावांनी तो फोन कापला. "प्रतापराव, तुमच्या फोनवरून तिला लावा. काय सांगायचं ते मननने लिहून पाठवलंय," ते म्हणाले. प्रतापराव फोन कानाला लावून अंगणात गेले.

श्रिया पलंगावर बसली होती. डोक्यावर टोपी होती. तिने आधी विचारलं, "आई कुठे आहे?"

"येते आहे," नीलकंठराव म्हणाले. "संध्याकाळी येते आहे. गाडी जरा..." 

"ठीक आहे, बाबा. तुम्ही आहात ना."

पहिलं चित्र आलं. "मासा," श्रिया म्हणाली. बरोबर. "कात्री." बरोबर. "चाबी." मननने भुवया उंचावून पाहिलं, हा तर हिंदी शब्द. "बरोबर," नीलकंठराव ठासून म्हणाले. त्यांच्या घरात किल्लीला कोणी कधी किल्ली म्हटलेलंच नव्हतं. "घोडा. झाड. बादली." बाई चित्रं एका बाजूला रचत होत्या. ढीग वाढत होता. नीलकंठरावांना वाटू लागलं की निभावेल, सगळं निभावेल.

तेराव्या चित्राला श्रिया थांबली. शिडी होती. ती शिडीकडे बघत राहिली. बाईंनी चित्र दुसऱ्या बाजूला ठेवलं. "नाही," म्हणायची पाळीसुद्धा आली नाही. मग "टोपी" आली, "सफरचंद" आलं, आणि मग लागोपाठ तीन गेली. कासव गेलं. विहीर गेली. कंगवा गेला. दुसऱ्या बाजूचा ढीगही दिसण्याइतका झाला. प्रत्येक वेळी शब्द नीलकंठरावांच्या जिभेवर येऊन उभा राहायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला अडलेलं पाहून तोंड बंद ठेवलं नव्हतं. आपण सांगितलं की समोरच्याचं काम होतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आता त्यांनी एका हाताने स्वतःचंच तोंड दाबून धरलं.

प्रतापराव दारात येऊन हळूच म्हणाले, "वहिनी ब्रेमेनच्या गाडीत बसल्या. विचारून बसल्या, तीन जणांना." नीलकंठरावांनी मान हलवली. त्यांचे डोळे स्क्रीनवरून हलले नाहीत.

पुढचं चित्र छत्रीचं होतं. श्रियाने ते ओळखलं. ओळखलं हे तिच्या डोळ्यांत दिसलं, कारण ती हसली. तिने एक हात डोक्यावर नेला, मूठ धरली, आणि छत्री उघडतात तसा झटका दिला. "ही ना... पावसात..." ती म्हणाली. "बाबा, ही... शाळेत नेहमी विसरायचे मी. तुम्ही आणून द्यायचात." दोन सेकंद गेले. तिने स्क्रीनकडे पाहिलं, लहानपणी गणित अडल्यावर बघायची तसं, खात्रीने. "बाबा, सांगा ना."

नीलकंठरावांनी हात तोंडावरून काढला, कारण उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

"नाही," ते म्हणाले.

बाईंनी छत्री उचलून बाजूला ठेवली आणि पुढचं चित्र धरलं.